चेरी, मांजर आणि झबल्यातला मुलगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीकडे लंडनला गेला होतात, तेव्हा नॅशनल गॅलरीत हॉगार्थचं ग्रॅहम मुलांचं मोठं चित्र पाहिलंत. थोरलीच्या हातात चेरी, खुर्चीवर चढलेलं मांजर, वर पिंजऱ्यात पक्षी. फ्रॉकमधलं ते बाळ मुलगा आहे असं गाइडने सांगितलं, तेव्हा तुम्ही दोघं नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिलात. घरी आल्यावर इंटरनेटवर ‘चेरी म्हणजे स्वर्ग, कुत्रा म्हणजे निष्ठा, फुलपाखरू म्हणजे आत्मा’ अशा याद्या सापडल्या. त्या खऱ्या मानाव्यात का? आणि जाता जाता विचारलंत, की एका दुकानातल्या छापील चित्रात मुलाच्या हातात क्रिकेटची बॅट होती, तिचा अर्थ काय?

जुन्या तैलचित्रांचं संवर्धन हा माझा तीसेक वर्षांचा व्यवसाय. भिंगाखाली चित्राचा इंच-इंच पाहण्यात दिवस जातो, त्यामुळे उत्तर लांबणार, हे आधीच सांगतो.

त्या याद्या निखालस खोट्या नाहीत, पण स्वप्नफळाच्या पुस्तकासारख्या आहेत. साप दिसला तर धनलाभ, दात पडला तर अमुक, तसं. चेरीला ख्रिस्ती चित्रपरंपरेत स्वर्गातलं फळ मानत, हे बरोबर. पण १७४२ सालच्या लंडनमधल्या पैसेवाल्या घरात चेरी हा मुलांचा आवडता खाऊसुद्धा होता. मी शिकाऊ मुलांना एवढंच सांगतो, की आधी ती वस्तू त्या घरात काय कामाची होती ते बघा. मग चित्रातलं मूल पुढे जगलं का, ते शोधा. अर्थ त्यानंतर लावा. हा क्रम चुकला की कुठल्याही चित्रातून काहीही काढता येतं.

तुम्ही पाहिलेल्या चित्रावरच हे करून बघू. मुलांचे वडील डॅनियल ग्रॅहम हे राजाचे औषधविक्रेते, म्हणजे घरात पैसा होता आणि औषधांचीही वाण नव्हती. चित्रात चार भावंडं आहेत. डावीकडे सोनेरी गाडीत धाकटा थॉमस. त्याचा हात धरून उभी थोरली हेन्रिएटा, दुसऱ्या हातात चेरी उंच धरलेली, आणि थॉमस त्या चेरींसाठी हात पुढे करतोय. मध्ये फ्रॉकची टोकं चिमटीत धरून नाचणारी अ‍ॅना मारिया. उजवीकडे रिचर्ड एक लहानशी पेटी मांडीवर घेऊन तिचा दांडा फिरवतोय. ही पेटी म्हणजे पाळलेल्या पक्ष्यांना गाण्याच्या चाली शिकवायचं यंत्र. त्या काळी श्रीमंत घरांत ते असे.

पिंजऱ्यातला पक्षी पंख फडफडवतोय आणि आपल्या वाजवण्यावर तो गातोय असं वाटून रिचर्ड खुशीत हसतोय. खरी गोष्ट त्याच्या पाठीमागे आहे. मांजर खुर्चीच्या पाठीवर नखं रोवून, डोळे विस्फारून पिंजऱ्याकडे बघतंय. पक्ष्याची फडफड जिवाच्या भीतीने चाललीय. चौघांपैकी एकाचंही मांजराकडे लक्ष नाही. आणखी एक खोच म्हणजे त्या पेटीवर ऑर्फियसचं चित्र आहे. हा ग्रीक कथेतला गायक, ज्याच्या सुरांनी हिंस्र जनावरंही शांत बसत. इथे पेटी वाजतेय आणि मांजर काही शांत बसलेलं नाही.

आता नजर डावीकडे वळवा. थॉमसच्या मागे वर एक घड्याळ आहे. घड्याळावर क्यूपिडची, म्हणजे बाळरूपातल्या प्रेमदेवाची, छोटी मूर्ती, तिच्या हातात लांब दांड्याचा विळा आणि बाजूला वाळूचं घड्याळ. विळा आणि वाळूचं घड्याळ ही काळाची शस्त्रं, आणि एरवी ती दाढीवाल्या म्हाताऱ्याच्या हातात असतात. हॉगार्थने ती एका बाळाच्या हातात दिली. थॉमसच्या पायाशी जमिनीवर दोन फुलं एकमेकांवर आडवी पडली आहेत, शेजारी टोपलीत पिकलेली फळं आहेत.

चित्र पूर्ण होईपर्यंत थॉमस गेलेला होता.

हे कळल्यावर चेरीची यादी उघडायची गरजच उरत नाही. एका क्षणी चेरी खाऊ आहे, दुसऱ्या क्षणी ताई ती त्याच्या हाताला लागणार नाही इतकी वर धरते आहे. तुम्ही स्वर्ग म्हणा, न मिळालेला खाऊ म्हणा, दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि हॉगार्थला ते तसंच हवं होतं असं माझं मत आहे. त्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं. तरी या चित्रात मुलं पुतळ्यासारखी उभी न राहता खरोखर मुलांसारखी वागतात, आणि म्हणूनच ते घड्याळ इतकं टोचतं.

आता फ्रॉकचं बघू. त्या काळच्या ब्रिटनमध्ये मुलगा असो वा मुलगी, लहानपणी सगळी झगाच घालत. कारण अगदी घरगुती आहे. बटणं-नाड्यांची विजार ज्याला स्वतःची स्वतः सोडता येत नाही, त्याला ती घालून आयाबायांनी दिवसभर काय करायचं? झगा वर केला की काम झालं. आपल्याकडे झबलं-टोपडं घातलेल्या बाळाकडे बघून मुलगा की मुलगी हे ओळखता येतं का? त्यांच्याकडे ते झबलं सहा-सात वर्षांपर्यंत चाले, एवढाच फरक. १८व्या शतकाच्या उत्तरार्धात आखूड जाकिटाला बटणांनी जोडलेली सैल पँट आली, तेव्हा हे वय चारेक वर्षांपर्यंत खाली आलं.

पहिली विजार चढवायचा दिवस म्हणजे घरातला सोहळाच. १६७९ साली लेडी अ‍ॅन नॉर्थ या आजीबाईंनी आपल्या मुलाला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. नातू फ्रँकला शिंपी पहिल्यांदा विजार घालणार म्हणून सगळं घर कसं गडबडून गेलं होतं, नवरीला सजवायलासुद्धा इतके हात लागले नसतील, असं त्या कौतुकाने कळवतात. त्या दिवसापासून मुलगा बायकांच्या ताब्यातून निघून बापाच्या आणि शिक्षकाच्या ताब्यात जाई. आपल्याकडे मुंजीत मातृभोजन असतं, आईच्या पानात शेवटचं जेवण. मला ते पत्र वाचताना दर वेळी तेच आठवतं.

म्हणून जुन्या चित्रात झग्यातलं मूल दिसलं की हातातल्या आणि कमरेच्या वस्तू बघायच्या. छोटी तलवार किंवा कट्यार, ढोल, चाबूक, काठीचा घोडा असेल तर बहुतेक मुलगा. बाहुली, फुलं, गळ्यात मोत्यांचा सर असेल तर बहुतेक मुलगी. ‘बहुतेक’ हा शब्द सोडू नका. रेनॉल्ड्सने १७८८ मध्ये काढलेला दोन वर्षांचा मास्टर (म्हणजे कुमार) हेअर पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. पांढरं मलमली झबलं, खांद्यावर सोनेरी केस, कमरेला पट्टा. शंभरातले नव्वद लोक त्याला मुलगी समजून पुढे जातात.

कपड्यांवरून राजाराणीसुद्धा रागावत. १६३५ मध्ये व्हॅन डाइकने इंग्लंडच्या चार्ल्स पहिल्याच्या तीन थोरल्या मुलांचं चित्र काढलं, ते आज इटलीत तुरिनला आहे. लहान मुलांना घालतात ती एप्रनं चित्रात घातलेली नाहीत म्हणून राजा चित्रकारावर चिडला, अशी बातमी तिथल्या दरबाराच्या राजदूताने कळवली होती. त्या चित्रात युवराज झग्यात आहे. त्याच वर्षी नव्याने काढलेल्या चित्रात तो विजारीत दिसतो. दोन वर्षांनी, १६३७ मध्ये, व्हॅन डाइकने पाचही मुलांचं चित्र काढलं. त्यात सात वर्षांचा युवराज मधोमध उभा आहे आणि त्याचा हात एका अवाढव्य मॅस्टिफ कुत्र्याच्या डोक्यावर आहे. कुत्रा त्याच्या छातीइतका उंच. यादीवाला म्हणेल, कुत्रा म्हणजे निष्ठा. असेल. पण एक छोटासा हात एवढ्या जनावरावर सहज ठेवलेला आहे आणि ते मुकाट बसलंय, यात राज्य कुणी करायचं ते सांगितलेलं आहे. शेजारीच एक छोटा स्पॅनियल आहे, त्याच्यावर असा भार टाकलेला नाही, तो नुसताच घरातला आहे. दोन्ही कुत्रेच, दोघांचं काम वेगळं.

याचा पूर्वज बघायचा असेल तर हान्स होल्बाइनने काढलेला बाळ एडवर्ड बघा, वॉशिंग्टनला आहे. आठव्या हेन्रीला बऱ्याच वर्षांनी झालेला मुलगा. एडवर्डचा जन्म १५३७ चा, आणि हे चित्र होल्बाइनने नववर्षाची भेट म्हणून राजाला दिलं तेव्हा तो सव्वा वर्षाचाही नव्हता. लाल-सोनेरी पोशाख, पिसाची टोपी, उजवा हात आशीर्वादासारखा वर. डाव्या हातात सोन्याचा खुळखुळा, पण धरलाय राजदंडासारखा. खाली लॅटिन श्लोक: बाळा, बापासारखा हो. बिचारा नवव्या वर्षी राजा झाला आणि पंधराव्या वर्षी वारला. आणि गंमत बघा, १७७५च्या सुमारास रेनॉल्ड्सने तीनेक वर्षांच्या मास्टर क्रूला आठव्या हेन्रीचे कपडे घालून, तसेच पाय फाकवून उभं केलं. सव्वादोनशे वर्षांत राजचिन्हाची फॅन्सी ड्रेस स्पर्धा झाली होती.

खुळखुळ्यावरून आठवलं. बाळाच्या हातात चांदीची मूठ, तिला घुंगरू आणि टोकाला लाल कांडी असं काही दिसलं तर ते पोवळं. दात येताना चावायला पोवळं चांगलं, कठीण आणि गुळगुळीत. शिवाय पोवळ्याने दृष्ट लागत नाही, रोग दूर राहतात, ही समजूत रोमन काळापासून युरोपात होती. इंग्रजीत पोवळ्याच्या नावानेच ते खेळणं ओळखलं जाई. तीट लावणाऱ्या आणि काळा दोरा बांधणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. यात गूढ संदेश काही नाही. जिथे इतकी बाळं दगावत तिथे आईबापांनी केलेला तो बंदोबस्त आहे.

मरण या चित्रांतून किती उघडपणे वावरतं, ते आजच्या प्रेक्षकाला झेपत नाही. मँचेस्टरला जॉन साउचने १६३५-३६ मध्ये काढलेलं चित्र आहे. सर थॉमस अ‍ॅस्टन बायकोच्या मृत्युशय्येशेजारी उभे आहेत, जवळ काळ्या कापडाने मढवलेला पाळणा आणि त्यावर कवटी, आणि त्या कवटीवर बापाचा हात. शेजारी लहान मुलगा उभा. टेट गॅलरीतलं सॉल्टनस्टॉल कुटुंबाचं चित्र त्याच सुमाराचं. लाल पडद्यांच्या पलंगावर पांढरीफटक बाई पडलेली आहे, ती पहिली बायको, जी चित्राच्या काही वर्षं आधीच वारली होती. पलीकडे खुर्चीत दुसरी बायको तान्हं बाळ घेऊन बसलीय. बापाने मुलाचा हात धरलाय आणि मुलाने धाकट्या बहिणीचं मनगट. तो मुलगा अर्थातच झग्यात आहे. जिवंत आणि मेलेले एकाच खोलीत, कुणालाही त्याचं नवल नाही.

एक गोष्ट मात्र या याद्यांमध्ये मला कधीच सापडत नाही. चित्रात दोन मुलं असतात, एक ज्याचं चित्र आहे ते, आणि दुसरं जे सामान म्हणून आहे. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत डचेस ऑफ पोर्ट्समथचं १६८२ सालचं चित्र आहे, फ्रेंच चित्रकार मिन्यारचं. एक कृष्णवर्णीय छोटी मुलगी तिला शिंपल्यातून मोती आणि पोवळ्याची फांदी देतेय. तेच पोवळं, पण इथे ते मुलीच्या रक्षणासाठी नाही, मालकिणीची श्रीमंती दाखवायला आहे, आणि मुलगीही त्याच कामाला लावलेली. मद्रासचा गव्हर्नर राहिलेला एलिहू येल, त्याचं १७१९ च्या सुमाराचं एक चित्र आहे. मंडळी टेबलाभोवती बसली आहेत, मागे बागेत घरातली मुलं खेळतायत. कडेला एक काळा मुलगा उभा आहे, त्याच्या गळ्यात कुलूप लावलेलं धातूचं कडं. खेळणाऱ्या मुलांच्याच वयाचा वाटतो. इथे कुठलं प्रतीक शोधू नका, ते खरोखरचं कडं आहे.

भारताशी जवळचं आणखी एक चित्र आहे, जॉर्ज चिनरीचं. १८०५ मध्ये मद्रासला त्याने हैदराबादच्या रेसिडेंट (निजामाच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी) कर्कपॅट्रिकची दोन मुलं चितारली. आई खैरुन्निसा, हैदराबादच्या खानदानी घरातली. मुलं चार आणि तीन वर्षांची, अंगावर हैदराबादी दरबारी पोशाख. चित्र झालं आणि मुलं जहाजाने इंग्लंडला गेली. तिथे त्यांची नावं ख्रिस्ती झाली, कपडे इंग्रजी झाले, आणि आईची पुन्हा भेट झाली नाही. आईजवळ हे चित्र राहिलं. चिनरीने तो पोशाख प्रतीक म्हणून रंगवला नव्हता, तो त्यांचा रोजचा-सणाचा पोशाख होता. नंतर जे घडलं त्याने त्याचं प्रतीक केलं.

गेन्सबरोच्या फुलपाखराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण नॅशनल गॅलरीत त्याच्यासमोरून गेलाच असाल. १७५६ च्या सुमाराचं, स्वतःच्या दोन मुलींचं. मेरी आणि मार्गारेट हात धरून अंधाऱ्या झाडीतून धावतायत. काटेरी रोपावर पांढरं फुलपाखरू बसलंय आणि धाकटी मार्गारेट त्याच्याकडे हात नेतेय. पकडलं तर चिरडेल, नाही तर काटा बोचेल. इथे याद्यांमधला अर्थ अगदी फिट्ट बसतो, आणि नेमकं म्हणूनच मी सावध होतो. हे कुणाच्या मागणीचं चित्र नव्हतं, त्यामुळे ते पुरं करायची घाई नव्हती, कपड्यांचे फटकारे तसेच सोडलेले आहेत. बापाने पोरींना बघता बघता काढलेलं आहे. पुढे मेरीचं लग्न मोडलं, मन ताळ्यावर राहिलं नाही आणि मार्गारेटने तिला सांभाळलं. ते माहीत असल्यावर धरलेला हात फुलपाखरापेक्षा जड वाटायला लागतो. पण ती माहिती माझ्याकडे आहे, १७५६ साली गेन्सबरोकडे नव्हती. हॉगार्थला थॉमसबद्दल ठाऊक होतं. हा फरक मी शिकाऊ मुलांकडून पाठच करून घेतो.

आमच्या कामातही यादीवाल्यांची फजिती होते. गेन्सबरोचा ‘ब्लू बॉय’ घ्या, १७७० च्या सुमाराचा. १९९४ मध्ये एक्स-रे काढला तेव्हा मुलाच्या पायाशी एक पांढरा कुत्रा निघाला, चित्रकाराने स्वतःच दगडांखाली बुजवलेला. निष्ठा दाखवायला घातलेला असता तर इतक्या सहज काढला असता का? चित्र नीट बसत नव्हतं, कुत्रा गेला. माझ्या टेबलावर एकदा मुंबईतल्या एका जुन्या घराण्याकडून लहान मुलीचं विलायती चित्र आलं होतं, हातात पिवळं फूल. मालकांकडे त्या फुलावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेली एक हळवी गोष्ट होती. वरचा पिवळा पडलेला व्हार्निश काढला तेव्हा फूल मुळात पांढरं निघालं. अजून पुढे गेल्यावर कळलं, की बोटांचा रंग उडाला होता म्हणून नंतरच्या कुणा दुरुस्तीवाल्याने ते झाकायला फूल रंगवलं होतं. मालकांना हे सांगताना मला जरा जडच गेलं. फूल मी तसंच ठेवलं.

शेवटी ही चिन्हं कुठे जाऊन पोहोचली ते तुमच्या न्हाणीघरात दिसेल. १८८६ मध्ये जॉन एव्हरेट मिले याने आपल्या नातवाचं चित्र काढलं. हिरव्या मखमली कपड्यातला सोनेरी केसांचा मुलगा साबणाच्या पाण्याचा फुगा सोडून वर बघतोय. एका बाजूला कुंडीत वाढणारं रोप, दुसऱ्या बाजूला फुटलेली कुंडी. माणसाचं आयुष्य पाण्यावरचा बुडबुडा, ही तीच लॅटिन कल्पना, आपल्या कीर्तनातही ऐकलेली. चित्राचं मूळ नाव ‘बालकाचे जग’ अशा अर्थाचं होतं. मग ते पिअर्स साबणाच्या कंपनीने विकत घेतलं, मिलेची नाराजी असतानाही त्यात साबणाची वडी घातली आणि जगभर जाहिरात केली. आमच्या आजीच्या घरी त्याची फिकी पडलेली छापील प्रत ओटीवर टांगलेली होती. मरणाचं सूचन वगैरे आमच्या मनात कधी आलं नाही, पोरगं गोरं आहे आणि साबण महाग आहे, एवढं कळत असे. तो नातू पुढे नौदलात अ‍ॅडमिरल झाला आणि जन्मभर लोक त्याला ‘बबल्स’ म्हणत राहिले.

राहिली बॅट. तुम्ही वर्णन केलंत त्यावरून ते फ्रान्सिस कोट्सचं १७६८ सालचं ल्युइस केजचं चित्र असावं. बॅट हॉकीच्या काठीसारखी वाकडी आहे, कारण तेव्हा चेंडू जमिनीलगत टाकत असत. आणि स्टंप नीट मोजा, दोनच आहेत. तिसरा अजून यायचा होता.